ग्रो बॅग ६, ९ की १२ इंची? ठाण्याच्या गॅलरीतला अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याला मिरचीचं बी पेरलं होतं, आता गणपती तोंडावर आलेत. मधल्या काळात ६, ९ आणि १२ इंची कापडी ग्रो बॅगा (झाडं लावायच्या पिशव्या), नर्सरीतल्या काळ्या पिशव्या आणि घरातल्या दोन जुन्या प्लास्टिकच्या कुंड्या असं सगळं शेजारीशेजारी वापरून झालं. घर वर्तकनगरला, वन बीएचके. गॅलरी सव्वातीन फूट बाय सात, पूर्वेची, ऊन सकाळी सात ते साडेदहा. वॉशिंग मशीनही तिथेच, आणि कपडेही तिथेच वाळतात.

आधी फसगत सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. '१२ बाय १२' असं वाचून मी दहा काळ्या पिशव्या मागवल्या. भरून वरून टेप लावली तर जेमतेम साडेसात इंच! नर्सरीच्या पिशवीचं माप ती सपाट ठेवून घेतात. १२ इंच ही चपट्या पिशवीची रुंदी. ती भरून गोल झाली की व्यास साडेसातच्या आसपास येतो. गोल ग्रो बॅगवर मात्र १२ बाय १२ म्हणजे व्यास आणि उंची. माप वाचायला एकच, पण एकीत २२ लिटर मावतं आणि दुसरीत ९. विकणाऱ्याने हे कुठे लिहिलं नव्हतं आणि पिशव्या परतही घेतल्या नाहीत. तेव्हापासून मी इंच सोडून लिटर विचारते. गोल बॅगेचा हिशोब असा: ६ इंची पावणेतीन लिटर, ९ इंची साडेनऊ, १२ इंची २२. सहाची दुप्पट बारा, पण माती आठपट लागते.

एकाच ट्रेमधली ज्वाला मिरचीची बारा रोपं दिवाळीनंतर लावली, प्रत्येक मापात चार. मिश्रण सगळीकडे सारखं: निम्मं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी गांडूळखत आणि लाल माती, वर मूठभर निंबोळी पेंड. बोटभर रोप १२ इंची बॅगेत बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळ केवढं आणि पाळणा केवढा!" त्यांचं बरोबर निघालं. इवल्याशा मुळांना एवढ्या मातीतलं पाणी ओढवत नाही. वरची माती कोरडी दिसते म्हणून मी पाणी घालत राहिले आणि खाली चिखल होत गेला. एक रोप मुळाशी कुजलं, उरलेली तीन सहा आठवडे जागच्या जागी थांबली. आता मी रोप आधी ६ इंचीत वाढवते आणि खालून मुळं डोकावली की मोठ्या बॅगेत हलवते.

६ इंचीतल्या मिरच्यांना फुलं सगळ्यांत आधी आली. पण मार्च लागला तशी ती रोपं दुपारी माना टाकायला लागली. शिमग्याला तीन दिवस गावी गेलो. परतलो तेव्हा चारपैकी तीन वाळली होती. ९ इंचीतली सुकलेली होती, पण पाणी घातल्यावर संध्याकाळपर्यंत उभी राहिली. १२ इंचीला काहीच झालं नव्हतं. म्हणून म्हणते, आकार ठरवताना घरात रोज पाणी घालायला कोण आहे हे आधी बघा.

माझा कौल तरीही ९ इंचीला. १२ इंचीच्या एका तोडणीत वाटीभर मिरच्या मिळाल्या तर ९ इंचीत पाऊण वाटी. पण सात फुटांच्या भिंतीलगत १२ इंची सात बसतात आणि ९ इंची नऊ. म्हणजे मिरची जवळपास तेवढीच, माती मात्र १५४ लिटरऐवजी ८५. वजनाच्या काट्यावर पाणी घातलेली १२ इंची १९ किलो भरली, ९ इंची ८ किलो. कपडे वाळत घालताना बॅग रोज सरकवावी लागते, तेव्हा हा फरक कमरेला कळतो.

टोमॅटोला मात्र ९ इंची पुरत नाही. मातीतला ओलावा दिवसभरात इतका वरखाली होतो की मुळांकडून फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही, आणि फळाच्या बुडाला काळा डाग पडतो. शेजारच्या १२ इंचीत, त्याच खतावर, एकही फळ डागाळलं नाही. कोथिंबीर-मेथीला खोली कमी चालते, म्हणून ती घरात, सहा इंच खोल पसरट ट्रेमध्ये. वर २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, रोज चौदा तास. महिन्याला साधारण १७ युनिट जातात.

कापड की प्लास्टिक, हे मे महिन्यात डोळ्यांनी पाहिलं. जुन्या कुंडीतलं मिरचीचं झाड उपटलं तर मातीऐवजी हातात मुळांची चुंबळ आली. पांढरी मुळं कडेला गोल गोल फिरून एकमेकांत अडकलेली, मधली माती तशीच कोरी. कापडी बॅगेत मुळाचं टोक कडेला पोचलं की हवेने सुकतं आणि मागून नवे फाटे फुटतात. ९ इंचीची माती कापून बघितली तर आतपर्यंत बारीक जाळं होतं. तोटेही आहेत. कापड चहूबाजूंनी सुकतं, एप्रिल-मेमध्ये दोन वेळा पाणी लागतं. बाहेरून क्षारांचा पांढरा थर धरतो. आणि पाणी पाझरतं! खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर लाल डाग पडला तेव्हा मीच खाली जाऊन माफी मागितली. आता प्रत्येक बॅगेखाली खोल ट्रे आणि ट्रेमध्ये विटेचे दोन तुकडे, म्हणजे बूड पाण्यात राहत नाही.

पावसाळ्यात सगळं उलटं झालं. जुलैमध्ये १२ इंची आठवडाभर ओली राहायची, वर चिलटं घोंघावायची. ६ इंचीतलं उरलेलं एक रोप मात्र टवटवीत होतं.

आता कढीपत्त्याची पाळी. १२ इंचीतून मुळं बाहेर आली आहेत, दसऱ्यानंतर त्याला १५ इंचीत, ४३ लिटरमध्ये हलवणार. वॉशिंग मशीन चार बोटं सरकवून कोपऱ्यात जागा केली आहे.