मलईपांढरा की गडद मोरपंखी?

खोली लहान म्हणून रंग फिकटच हवा, असं सगळेच सांगतात. मला तो सल्ला अपुरा वाटतो. खोलीत उजेड किती येतो आणि तिचा वापर दिवसा जास्त की रात्री, हे आधी पाहा.

बऱ्याच शेड कार्डांवर एलआरव्ही (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू), म्हणजे रंग किती प्रकाश परत फेकतो ते सांगणारा आकडा असतो. 0 म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा काळा, 100 म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. मलईपांढरा साधारण 80 च्या आसपास, गडद मोरपंखी 10 च्या आसपास. त्यामुळे मोरपंखी खोलीत छतावरचा एकच दिवा पुरत नाही, वाचायला वेगळा लागतोच.

भरपूर उजेडाच्या खोलीत मलईपांढरा खुलतो. पण खिडकी अरुंद असली की तोच कोपऱ्यांत राखाडी, मळकट दिसतो, कारण परत फेकायला उजेडच नसतो. शिवाय तो शेजारचे रंग उचलतो: लाल फरशीमुळे भिंतीच्या खालच्या भागावर गुलाबी झाक येते, खिडकीला लागून झाड असेल तर हिरवट. अशा अंधाऱ्या, मुख्यतः रात्री वापरायच्या खोलीत मी बिनदिक्कत मोरपंखी निवडेन. 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्यात त्यातला हिरवा वर येतो, 6500 च्या पांढऱ्या दिव्यात निळा. म्हणून दिवा कोणता लावणार, हेही रंगाबरोबरच ठरवा.

मोरपंखीचं काम मात्र चिकाटीचं. खाली राखाडी प्रायमर नसेल तर दोन हात मारूनही रोलरचे पट्टे दिसू शकतात. मॅट फिनिशवर खुर्चीची पाठ घासली की चकचकीत डाग पडतो आणि पुसायला जावं तर तो पसरतो. टच-अपही लपत नाही, अख्खी भिंत पुन्हा मारावी लागते. मलईपांढऱ्यावर स्विचभोवती बोटांचे डाग दिसतात खरे, पण धुता येणारा रंग असेल तर ओल्या फडक्याने निघतात. लहान मुलं असतील तर हाच मुद्दा निर्णायक धरा.

शेड कार्डाच्या चौकोनावर विसंबू नका. चारही भिंतींवर रंग जास्त गडद वाटतो. दोन फुटी पॅच दोन ठिकाणी मारा, खिडकीच्या भिंतीवर आणि तिच्या समोरच्या. भोवती पांढरी पट्टी सोडा, नाहीतर जुना रंग डोळ्यांना फसवतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहा.

एकच भिंत मोरपंखी करायची असेल तर खिडकीची नको. बाहेरच्या लख्ख उजेडाशेजारी ती काळीच दिसते.