रात्रपाळीला फोन वाजणार का? फौंड्रीसाठी चॅट ॲप निवडताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. ऑफिसात सहा माणसं, शॉपवर (जिथं ओतकाम चालतं तिथं) तीन पाळ्यांत मिळून तीसेक. मध्यंतरी एका रात्री स्पेक्ट्रोच्या (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टात सिलिकॉन कमी आलं. सुपरवायझरनं क्वालिटीच्या साहेबांना टीमच्या चॅटवर विचारलं आणि उत्तराची वाट बघत भट्टीत मेटल धरून ठेवलं. वीस मिनिटं! सकाळी साहेब म्हणाले, "ओ, फोन उशालाच होता की. वाजला असता तर उठलो नसतो काय?" मेसेज ॲपमध्ये दिसत होता. फोन मात्र वाजलाच नव्हता.

मग मी एकेक पर्याय वापरून बघितला. व्हिडिओ कॉल कसा, फायली किती मावतात यात मला रस नव्हता. ज्याला मेसेज केला त्याच्या खिशात तो वाजतो का, एवढंच बघायचं होतं.

आधी हे समजून घ्या, कारण निम्मं भांडण इथंच मिटतं. चॅट ॲपचा सर्व्हर तुमचा फोन थेट वाजवत नाही. तो गूगलच्या किंवा ॲपलच्या सेवेला सांगतो आणि ती फोनला जागं करते. मधली सेवा सहसा दगा देत नाही. गगनबावड्याच्या घाटात रेंज गेली तरी गूगल निरोप धरून ठेवतं आणि रेंज आली की देतं. गोची होते ती दोन टोकांना: सर्व्हरनं निरोप पाठवायचाच नाही असं ठरवलेलं असतं, नाहीतर फोननं ॲपला झोपवलेलं असतं.

व्हॉट्सॲपचा ग्रुप सगळ्यांकडे आहेच, आणि तो वाजतोही. यात एक गंमत आहे. बॅटरी वाचवायला बाकीच्या ॲप्सचा गळा आवळणारे बरेच फोन लोकप्रिय ॲप्सना आधीच सूट देऊन ठेवतात. म्हणजे तिथं फोनचं सेटिंग आपल्याला शिवावंच लागत नाही. अडचण माणसांची आहे. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी कुणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस. चौथ्या दिवशी माणूस ग्रुप म्यूट करतो, तेही 'नेहमीसाठी'. आवाज एकदा बंद केला की हीट (भट्टीतली धातूची खेप) अडकल्याचा मेसेज आणि गुलाबाचं फूल, दोन्ही सारखेच मुके.

स्लॅक हे ऑफिसच्या कामासाठीचं चॅट ॲप. त्यात विषयाला वेगळा चॅनेल (म्हणजे गट) आणि चॅनेलला वेगळं नोटिफिकेशनचं सेटिंग, त्यामुळे मला ते आवडलं. फुकट प्लॅनमध्ये ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत, ते आम्हाला चालतं. पण त्याच्या तीन सवयी माहीत नसतील तर फौंड्रीत घात होतो. पहिली, रात्री १० ते सकाळी ८ 'त्रास देऊ नका' हे मुळातच चालू असतं. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीला ते सोयीचं, रात्रपाळी चालवणाऱ्याला नाही. ॲडमिननं सगळ्यांसाठी वेळ बदलावी किंवा ज्यानं त्यानं आपापली. दुसरी, तुम्ही कॉम्प्युटरवर स्लॅक उघडून बसला असाल तर निरोप फोनला पाठवतच नाही. कॉम्प्युटर चालू ठेवून माणूस शॉपवर चक्कर मारायला गेला तर त्याला गैरहजर धरायला दहा मिनिटं जातात. 'कॉम्प्युटरवर असलो तरी फोनला पाठव' असा पर्याय नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये आहे, तो निवडा. तिसरी, मेसेजमध्ये 'ॲट हिअर' (@here) लिहिलं तर त्या वेळी ॲपवर हजर असणाऱ्यांनाच निरोप जातो. सगळ्यांना हवा तर 'ॲट चॅनेल' (@channel). २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा 'पाळीला येऊ नका' हे घरी झोपलेल्यांनाच सांगायचं होतं. अशा दिवशी 'हिअर' काय कामाचं?

मायक्रोसॉफ्ट टीम्सबद्दल थोडक्यात. कंपनीचं ईमेल आधीच मायक्रोसॉफ्टचं असेल तर वेगळं ॲप शोधू नका. शांत वेळ प्रत्येकानं आपल्या फोनवर स्वतः लावायची असते आणि कॉम्प्युटरवर असताना फोन गप्प ठेवायचा का, तेही तिथंच ठरतं. शॉपवरच्या माणसाला मात्र ते जड वाटतं. आमच्या मोल्डिंगवाल्यानं दोन दिवसांत काढून टाकलं.

झुलिप किंवा मॅटरमोस्ट ही स्लॅकसारखीच चॅट ॲप्स; त्यातलं एक स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं आमच्या आयटीवाल्या पोराच्या फार मनात होतं. डेटा आपल्याकडे राहतो हे खरं. पण स्टोअरमधल्या ॲपला निरोप पाठवायचा हक्क ते ॲप बनवणाऱ्याकडेच असतो, म्हणून तुमच्या सर्व्हरलाही त्यांच्या सेवेतून जावं लागतं. झुलिपमध्ये त्यासाठी सर्व्हर नोंदवावा लागतो आणि ही सेवा दहा जणांपर्यंतच फुकट आहे. मॅटरमोस्टची फुकटची सेवा चाचणीपुरती, हमी नसलेली. आयटीचा माणूस पूर्णवेळ नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आता फोन. ॲप कुठलंही घ्या, इथं वेळ द्यावाच लागतो. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी ॲपला मागावी लागते आणि घाईत लोक 'नको' दाबून मोकळे होतात. ते आधी तपासा. मग बॅटरीत जाऊन त्या ॲपवरचं बंधन काढा. रेडमीत 'ऑटोस्टार्ट' चालू करा, ओप्पो-रियलमीत 'ऑटो लाँच', सॅमसंगमध्ये ॲप 'डीप स्लीपिंग'च्या यादीत नाही ना बघा. 'न वापरलेलं ॲप थांबवा' हेही बंद करा. महिनोनमहिने न उघडलेलं ॲप अँड्रॉइड गोठवतं आणि मग काहीच येत नाही. काही जणांना दर तासाला सगळी ॲप्स झाडून टाकायची सवय असते. काही फोनमध्ये तसं केलं की ॲप पुन्हा हातानं उघडेपर्यंत मुकंच राहतं. आयफोनवाल्यांनी 'फोकस' आणि 'ठरावीक वेळचा सारांश' बघावा, बाकी तिथं फार काही करायचं नसतं.

दोष कुठं आहे ते शोधायची माझी पद्धत साधी आहे. कॉम्प्युटरवरचं ॲप पूर्ण बंद करायचं, फोन अर्धा तास खिशात ठेवायचा, मग दुसऱ्यानं तुमचं नाव घेऊन मेसेज करायचा. वाजला तर दोष कॉम्प्युटरचा होता. वाजला नाही, पण ॲप उघडताच मेसेज धडाधड आले, तर फोनची बॅटरी आड येतेय. बॅटरीचं बंधन काढूनही गप्पच, तर ॲपमधली शांत वेळ किंवा म्यूट बघा. स्लॅकच्या मोबाइल ॲपमध्ये नोटिफिकेशन तपासायची सोय आतच आहे, ती आधी चालवा.

तुमची सगळी माणसं फक्त फोनवर असतील आणि संख्या वीसच्या आत असेल तर व्हॉट्सॲपच ठेवा. फक्त कामाचा ग्रुप वेगळा करा आणि त्यात ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं सेटिंग लावा. सुपरवायझर आणि ऑफिस दोघांना एकमेकांशी सतत बोलायचं असेल तर स्लॅक, पहिल्याच दिवशी वेळ बदलून. आम्ही तेच केलं: सुपरवायझर आणि ऑफिस स्लॅकवर, शॉप व्हॉट्सॲपवर. दोन ठिकाणी बघावं लागतं, कटकट आहे. आणि भट्टीत मेटल धरलेलं असेल तर चॅट नाही, सरळ फोन लावायचा. हे भट्टीशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवलंय, खाली साहेबांचा नंबर.