तापणारं कार्ड दुरुस्तीला दिलं, परत आलं ते दुसऱ्याचंच

९५,८०० रुपये. ग्राफिक्स कार्डाच्या दुरुस्तीपायी माझं एवढं गेलं. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण घरी सांगतानाही मी पहिल्यांदा फक्त २१,८०० सांगितला होता. बाकीचं सांगायला जीभ रेटेना. दुकानाचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात नेतोय आणि वकिलांनी नाव घेऊ नका म्हणून बजावलंय. पण पुण्यातच नाही, कुठल्याही शहरात हे होऊ शकतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी घरूनच बिल्डर लोकांसाठी वॉकथ्रू करतो. फ्लॅट बांधून व्हायच्या आधी आतून कसा दिसेल, ते दाखवणारे व्हिडिओ. मशीनमध्ये एनव्हिडियाची दोन आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं आहेत. पहिलं २०२१ मध्ये नवं घेतलं, १,९२,००० रुपयांना. तेव्हा या कार्डांवर क्रिप्टोचलन कमावणाऱ्या मायनिंगवाल्यांनी बाजार उठवला होता आणि कार्ड मिळणंच मुश्कील होतं. हप्ते फेडायला दीड वर्ष लागलं. दुसरं डिसेंबर २०२२ मध्ये ओळखीच्या माणसाकडून ७२,००० ला, वापरलेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग कायमचं बंद झालं होतं आणि भाव कोसळले होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण तेव्हा बाजारात ओतली गेलेली मायनिंगची कार्डं अजून फिरतायत आणि त्यातलंच एक आता माझ्याकडे आहे.

यंदा एप्रिलमध्ये वरचं कार्ड तापायला लागलं. खालचं ६८ अंशांवर, वरचं ८४. हा झाला चिपचा आकडा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून मेमरीचा आकडा पाहिला तर वरच्याचा ११० ला टेकलेला. ३०९० ची मेमरी ११० च्या आसपास गेली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. टास्क मॅनेजर हा आकडा दाखवतच नाही, त्यावर विसंबू नका. चार मिनिटांची फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, सात मिनिटांवर गेली, आणि दोन रात्री मशीन रेंडर, म्हणजे ही चित्रं तयार, करता करताच बंद पडलं. सकाळी उठून बघतो तर ६०० पैकी १४० फ्रेम झालेल्या.

सोमवारी काम द्यायचं होतं. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी कधीच संपलेली. धूळ झटकली, केबिनेटची बाजूची झडप काढून टेबलफॅन लावला, ड्रायव्हर पुन्हा टाकला. फरक नाही. तेव्हा एकच गोष्ट करायची राहिली होती, दोन कार्डांची जागा बदलून बघायची. वरचं खाली, खालचं वर. दहा मिनिटांचं काम. उष्णता कार्डाबरोबर खाली गेली तर कार्डात दोष, वरच राहिली तर दोष जागेत. मी ते केलं नाही. का नाही केलं, तर कार्ड जड, केबल आखडलेल्या, रात्रीचे दोन वाजलेले, आणि डोक्यात पक्कं बसलेलं की वरचं जुनं आहे, तेच गेलं असणार. माझ्या जागी कोणालाही तसंच वाटलं असतं असं अजूनही म्हणतो, पण त्याने पैसे परत येत नाहीत.

गुरुवार, १७ एप्रिल. दुकान छोटं पण कामाचं वाटलं. मायक्रोस्कोप, हॉट एअर स्टेशन, भिंतीवर टांगलेले बोर्ड. तिथल्या माणसाने, पस्तिशीचा असेल, "दादा, आधी लोडवर लावून बघू," म्हणून माझ्यासमोर कार्ड टेबलावरच्या उघड्या बोर्डाला जोडलं आणि कार्डावर पूर्ण ताण टाकणारं फरमार्क सॉफ्टवेअर चालू केलं. पंधरा मिनिटं आम्ही दोघे स्क्रीनकडे बघत उभे होतो. चिप ६९. मेमरी ९६. एक अंशही वर जाईना.

इथेच. इथेच मला कळायला हवं होतं. घरी ११० ला टेकणारं कार्ड त्याच्या टेबलावर पंधरा मिनिटं पूर्ण लोडवर निवांत चालतंय, म्हणजे कार्ड ठणठणीत आहे. त्याला शेजारी दुसरं कार्ड नव्हतं, पोटाशी गरम हवा नव्हती, म्हणून ते थंड होतं. आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो वाचूनही वाचला नाही. मी उलट त्याला विचारलं, "इथे कसं काय तापत नाही?" तो म्हणाला, "उघड्यावर आहे ना दादा, आत काय चाललंय ते बाहेरून नाय कळत." मग त्याने थर्मल कॅमेरा कार्डाच्या पाठीवर धरला, लालभडक ठिपका दाखवला आणि म्हणाला, "व्हीआरएम चाललंय. आज ना उद्या चिप घेऊन जाणार." व्हीआरएम म्हणजे चिपला वीज पुरवणारा भाग. लोडवर असलेल्या कुठल्याही ३०९० च्या पाठीवर कॅमेरा धरला तरी लालच दिसणार! ३५० वॅट खाणारं कार्ड आहे. चोवीसपैकी बारा मेमरी चिपा पाठीमागेच बसवलेल्या असतात. हे मला माहीत होतं. माहीत असून मी मान डोलावली.

आज विचार करतो तेव्हा डोकं तापतं ते एवढ्यासाठी की ती पंधरा मिनिटं तो बिघाड शोधतच नव्हता. कार्ड चांगलं आहे याची तो खात्री करून घेत होता. माझ्यासमोर, माझ्याच देखत.

तपासणी १,५००, उष्णता वाहून नेणारे पॅड आणि पेस्ट ६,८००, व्हीआरएम दुरुस्ती ९,५००. एकूण १७,८००. त्यातले ५,००० यूपीआयने आगाऊ घेतले. उरलेले १२,८०० "रोखीत द्या, बिल केलं तर जीएसटी चढेल." पावती म्हणून वहीच्या कागदावर "३०९०, हीटिंग" एवढंच आणि तारीख. बिल न देणाऱ्याला कार्ड देऊ नका. वाचलेल्या जीएसटीच्या कितीतरी पट माझं गेलं.

शनिवारी रात्री आठला कार्ड घ्यायला गेलो. दुकान बंद करायची घाई चाललेली, शटर अर्धं खाली. मी कार्ड हातात घेतलं तेव्हा मागची लोखंडी पट्टी, जी केबिनेटला स्क्रूने बसते ती, निस्तेज दिसली. कडेला बारीक गंजाचे ठिपके. पाठीच्या प्लेटच्या फटीतून तेलकट ओघळ. तिथल्या मुलाने सांगितलं, "केमिकलने साफ केलंय, तसं दिसतं. पॅडचं तेल सुटतं नवीन नवीन." तेल सुटतं ते वर्षानुवर्षं तापलेल्या पॅडचं. दोन दिवसांपूर्वी लावलेल्या पॅडचं इतक्या लगेच नाही. माझ्या कार्डाच्या पट्टीवर एचडीएमआयच्या खाचेजवळ एक तिरका ओरखडा होता. २०२१ मध्ये पहिल्यांदा बसवताना माझ्याच हातून स्क्रूड्रायव्हर घसरला होता आणि पावणेदोन लाखांच्या वर दिलेल्या वस्तूला पहिल्याच दिवशी चरा पडला म्हणून मी किती हळहळलो होतो. तो ओरखडा त्या पट्टीवर नव्हता. दुकानात ते माझ्या ध्यानातच आलं नाही. पैसे मोजले आणि निघालो.

दुरुस्तीला द्यायच्या आधी कार्डाच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढा. डबा, स्टिकरवरचा अनुक्रमांक, पट्टी, स्क्रू, सगळं.

वीस दिवस कसेबसे गेले. मेमरी परत ११० वर, आणि आता स्क्रीनवर रंगीत चौकोन. परत गेलो. मेमरी चिप "रीबॉल" करायचे, म्हणजे काढून नव्याने सोल्डर करायचे, ४,००० रोख घेतले. आठवड्याने परत तेच. तोपर्यंत बिल्डरने उशिराबद्दल १२,००० कापून घेतले. त्याचा काय दोष.

मग नाशिकचा एक मित्र, तोही हेच काम करतो, फोनवर म्हणाला, "अरे, ते कार्ड बाहेर काढ आणि खालचं वरच्या जागेत घालून दुसरं कुठलंही खाली लाव." त्याने त्याचं एक जुनं कार्ड पाठवलं. लावलं. आणि माझं इतकी वर्षं खाली निवांत चाललेलं कार्ड वरच्या जागेत बसताच वीस मिनिटांत ११० वर! दोष जागेतच होता. दोन कार्डांमध्ये जेमतेम बोटभर फट. खालच्याची पाठ म्हणजे तापलेला तवा, आणि वरच्याचे पंखे त्याच तव्यावरची हवा ओढत होते. एवढे दिवस चाललं कारण मागची हवा मोकळी होती. मार्चमध्ये मी टेबल भिंतीला सरकवून ती अडवली, आणि वर उन्हाळा. आता एक कार्ड रायझर केबलने (कार्ड बोर्डापासून दूर जोडणारी केबल) उभं करून लांब नेलंय, केबल २,८०० ला मिळाली, आणि दोन्हींची वीज ३५० वॅटवरून २८० वर आणलीय. मेमरी ९२ च्या वर जात नाही. रेंडरचा वेळ फ्रेममागे काही सेकंदच वाढला. वीज कमी करायला एक कमांड पुरते, पैसा लागत नाही. कोणाकडेही कार्ड नेण्याआधी हे करून बघा.

म्हणजे माझ्या कार्डाला काहीच झालेलं नव्हतं.

त्याच मित्राने दुसरा प्रश्न विचारला, "कार्ड तुझंच आहे ना?" गेल्या नोव्हेंबरात एका रेंडरला एकच कार्ड वापरायचं होतं, म्हणून मी एनव्हिडिया-एसएमआय या कार्डाची माहिती देणाऱ्या प्रोग्रामची कमांड चालवून दोन्ही कार्डांचे यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. तारीख-वेळेसकट ते अजून तिथे होते. आता परत चालवली. मूळच्या खालच्या कार्डाचा क्रमांक तोच. दुकानातून आलेल्याचा पूर्ण वेगळा. हा क्रमांक प्रत्येक जीपीयूचा, म्हणजे कार्डातल्या मुख्य चिपचा, वेगळा असतो आणि बदलत नाही, असं एनव्हिडियाच्याच कागदपत्रांत लिहिलंय. मी खुर्चीत बसून होतो, बायको जेवायला हाक मारत होती आणि मला उठताच येईना.

दुकानात गेलो तर तोच माणूस म्हणाला, "बायोस टाकलं की नंबर बदलतो दादा." बायोस म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर. त्याने नंबर नाही बदलत. मुख्य चिपच बदलली तरच वेगळा येईल, आणि चिप बदलल्याचं त्याने कधी म्हटलंच नव्हतं, पैसेही त्याचे घेतले नव्हते. मी ओरखड्याचं बोललो तर म्हणे, "तुमच्याकडे फोटो आहे का?" नव्हता. शेजारच्या काचेत एक ३०९० विकायला ठेवलेलं, भाव ६२,००० (वरच्या ९५,८०० मध्ये माझ्या कार्डाचे एवढेच धरलेत). माझंच होतं का? नुसती पट्टी बघू द्या म्हटलं, तर त्याने काचेला कुलूप लावलं.

चौकीत गेलो. हवालदार साहेबांनी कार्डाकडे बघून विचारलं, "हे चोरीला गेलं म्हणता, मग हे हातात काय आहे?" समजावलं. म्हणाले, "दोन्ही सारखीच दिसतात, अहो. तुमचं कोणतं हे आम्ही कसं ठरवायचं?" यूयूआयडी दाखवला तर मोबाइल परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, गहाळ झाल्याची नोंद करा. गहाळ! माझं काही पडलं नव्हतं, विसरलं नव्हतं. मी एका माणसाच्या हातात दिलं आणि त्याने ते ठेवून घेतलं. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला गेलेले. तिसऱ्या खेपेला, "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." विश्वासाने दिलेली वस्तू लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालचा गुन्हा आहे आणि फसवणूक ३१८ खालची, हे मी कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि मला विचारलं, "वकील आहात का?" मी घाम गाळून कमावलेल्या वस्तूबद्दल बोलतोय आणि मला वकील आहात का! शेवटी अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मिळाला, तोही मागून घेतला म्हणून.

सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः दिलेत, वस्तू स्वतः नेऊन दिलीत, यात ऑनलाइन काही नाही. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी दुकानाला कळवलं, दुकानाने उत्तर दिलं की "ग्राहकाचं कार्ड ग्राहकाला परत दिलं आहे," आणि माझी तक्रार निकाली काढल्याचा मेसेज आला. निकाली! मला कोणी एक फोन करून विचारलं नाही. चोर म्हणतो मी चोर नाही, झाला निकाल. चार ठिकाणी चार वेळा तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच, "पण बिल का नाही घेतलं?" जणू बिल न घेणं हा माझा गुन्हा आणि कार्ड ठेवून घेणं ही त्याची अडचण.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठ अधिकाऱ्यांना पोस्टाने पाठवता येते. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलीय, पोच आली, उत्तर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. समोरचा म्हणणार की हा धंद्यासाठी घेतलेला माल, हा ग्राहकच नाही. त्याला घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा ग्राहक ठरतो, २०१९ च्या कायद्यातच तसं स्पष्टीकरण आहे. आजच्या आज आपापल्या कार्डांचे यूयूआयडी काढून तारखेसकट स्वतःला मेल करून ठेवा. मशीन दुकानात सोडून येऊ नका. काम समोर बसून करून घ्या, नाहीतर परत आणा. २४ जीबीच्या कार्डाला एआयवाल्यांमुळे अजून गिऱ्हाईक आहे, स्वच्छ वापरलेल्याला जास्तच.

माझं कार्ड पुण्यातच कुणाकडे तरी चालत असेल. घेणाऱ्याला काही माहीत नसेल, त्याच्यावर माझा राग नाही. एप्रिलनंतर कुणी पुण्यात वापरलेलं ३०९० विकत घेतलं असेल तर केबिनेटच्या मागे वाकून, एचडीएमआयच्या खाचेशेजारी, पट्टीवर अर्ध्या इंचाचा तिरका ओरखडा आहे का ते तेवढं बघा आणि मला कळवा.