नमुना खरा, बाटली खोटी

गेली चार वर्षं मी रोज एकच परफ्यूम वापरतो. फवारल्यावर आधी बर्गमॉटचा लिंबासारखा ताजेपणा, मग लॅव्हेंडर, आणि संध्याकाळपर्यंत कॉलरला चिकटून राहणारा देवदार आणि वाळा. त्याचं नाव सांगत नाही, कारण यात कंपनीची काहीच चूक नाही.

जुनी बाटली तळाला आली तेव्हा एका ऑनलाइन विक्रेत्याकडे १०० मिलीची सीलबंद बाटली थोडी स्वस्त दिसली. थोडीच. निम्म्या किमतीत असती तर मी तिकडे फिरकलोच नसतो. शिवाय त्याने आधी ५ मिलीचा नमुना पाठवला. "वापरून बघा, पटलं तरच घ्या." नमुना मी दोन दिवस जुन्या बाटलीशी ताडून पाहिला. अगदी अस्सल होता. पैसे थेट त्याच्या खात्यात भरले.

बाटली आली. खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच कोड, म्हणजे माल कोणत्या खेपेत बनला ते सांगणारा क्रमांक, जुळत होता. इंटरनेटवर तपासला तर कोड खरा, उत्पादन २०२० चं. जुना साठा असेल, म्हणून स्वस्त, असं मीच मनाशी ठरवलं. पहिला फवाराही ओळखीचा वाटला. ही गोष्ट नीट लक्षात घ्या: सुरुवातीचा लिंबाचा ताजेपणा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो आणि त्याची नक्कल करणं सर्वांत सोपं असतं. नकली माल पकडला जातो तो नंतर, लाकडाचा वास यायला हवा तेव्हा. माझ्या मनगटावर तासाभराने उरला तो फक्त गोडसर साबणाचा वास.

मी विक्रेत्याला विचारलं. त्याच्या उत्तरांनी मला दोन आठवडे गप्प बसवलं, कारण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खरं होतं. तो म्हणाला, रोज तोच वास घेतला की नाक त्याला सरावतं आणि आपल्याला तो जाणवेनासा होतो. खरं आहे. म्हणाला, हे ओ द तॉयलेत, म्हणजे परफ्यूमचा हलका प्रकार आहे, यात सुगंधी अर्क साधारण ५ ते १५ टक्केच, किती टिकणार? तेही खरं. मग म्हणाला, लिलिअल या सुगंधी घटकावर युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून बंदी घातली, म्हणून बऱ्याच परफ्यूमची घडण बदलली. तुमची बाटली नव्या घडणीची आहे. बंदीची गोष्टही खरी. मी माझ्या नाकालाच दोष देत राहिलो.

मानेवर लाल चट्टे उठले तेव्हा मात्र मी ते लावणं थांबवलं आणि खोकं पुन्हा हातात घेतलं. घटकांच्या यादीत ब्यूटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनाल छापलेलं होतं. लिलिअलचंच हे लेबलवरचं नाव. नव्या घडणीच्या खोक्यावर ते कसं असेल? आणि कोड २०२० चा असताना बाटली २०२२ नंतरची कशी?

त्या रात्री कागदाच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर जुन्या बाटलीतले उरलेले थेंब, दुसरीवर नवीन. सकाळी पहिलीवर देवदार होता. दुसरी नुसता कागद झाली होती. मग भिंग घेऊन पाहिलं. नोझलखाली धातूची जी कडी घट्ट दाबून बसवलेली असते, तिच्यावर पकडीचे ओरखडे होते. जुन्या बाटलीतली नळी द्रवात दिसेनाशी होते. यातली जाड आणि दुधाळ होती. बाटली खरी, खोकं खरं, कोड खरा. आतला माल तेवढा दुसराच. कुणीतरी वापरून टाकलेली बाटली पुन्हा भरून, खोक्याला नवीन प्लॅस्टिक चढवून मला विकली होती.

विक्रेत्याला फोटो पाठवले. "उघडलेली बाटली परत घेत नाही," एवढं उत्तर आलं आणि त्याने मला ब्लॉक केलं. पैसे थेट खात्यात गेल्यामुळे परत मागायला मधे कुणीच नव्हतं. कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे तक्रार नोंदवता आली असती.

मला पैशांपेक्षा त्या चट्ट्यांची जास्त धास्ती वाटते. नकली परफ्यूममध्ये मिथेनॉल सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि ते त्वचेतूनही शरीरात जातं. माझ्या बाटलीत काय होतं ते मला कधीच कळणार नाही. तुम्हाला असे चट्टे उठले तर नाकाला दोष देत बसू नका. लावणं त्याच दिवशी बंद करा, बाटली आणि खोकं मात्र पुरावा म्हणून ठेवा.

आणखी एक. याआधीच्या दोन रिकाम्या बाटल्या मी खोक्यांसकट एका माणसाला दिल्या होत्या. "संग्रहासाठी हव्यात" असं तो म्हणाला होता. परवा पूर्ण संपलेली ती जुनी, अस्सल बाटली टाकण्याआधी मी तिचं नोझल पकडीने उपटलं, तळाचा कोड खरवडला आणि खोकं फाडून टाकलं.