छोटी शिशाची वजने घरी ओतताना साचा कशाचा घ्यावा आणि तो गरम कसा ठेवावा?

नागपूरच्या आसपासच्या तलावांवर गळ टाकून बसणाऱ्यांना आणि भंडारा-गोंदियाकडील मामा (माजी मालगुजारी) तलावांत फेकजाळे टाकणाऱ्या ढिवर बांधवांना शिशाची वजने सतत लागतात. दगडात अडकून ती तुटतात, जाळ्याच्या काठावरून निखळतात, आणि विकत घेण्यापेक्षा घरच्या अंगणात ओतणे अनेकांना परवडते. पन्नास-साठ ग्रॅमची वजने ओतणे सोपे असते. अडचण येते ती दहा ग्रॅमच्या आतबाहेरच्या गोळ्यांना, कारण त्यांचा साचा गरमच राहत नाही. बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्या परदेशी हौशी मंडळींपुढेही हाच प्रश्न असतो. आपल्याकडे दारूगोळा बनवण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो, म्हणून येथे विचार फक्त मासेमारीच्या वजनांचा केला आहे.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि साचा साधारण १८० ते २०० अंशांवर असला की ते कोपऱ्यांपर्यंत नीट भरते. दहा ग्रॅम शिसे ४०० अंशांवर ओतले, तर थिजून साच्याच्या तापमानाला येईपर्यंत ते सुमारे पाचशे ज्यूल उष्णता साच्याला देते. दोनशे ग्रॅमचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा तेवढ्याने जेमतेम तीन अंशांनी तापतो. म्हणजे थंड साच्याने सुरुवात केली, तर वाऱ्यावर काहीच उष्णता गेली नाही असे धरूनही चाळीस-पन्नास गोळ्या केवळ साचा तापवण्यात खर्ची पडतात. साठ ग्रॅमच्या वजनाला हेच काम सात-आठ वेळा ओतण्यात होते. प्रत्यक्षात साचा उघडताच तो निवू लागतो, त्यामुळे लहान गोळीचा साचा केवळ शिशाच्या भरवशावर तापेल ही अपेक्षाच चुकीची आहे. डिसेंबरात सकाळी पारा दहा-बारा अंशांवर असताना मी एकदा असाच हट्टाने ओतत राहिलो होतो. चहा निवला, पण गोळ्यांवरच्या सुरकुत्या गेल्या नाहीत.

बहुतेक जण यावर पहिला उपाय करतात तो शिसे अधिक तापवण्याचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत वाईट आहे. शिसे जितके अधिक तापते तितकी त्यावर राखाडी साय लवकर धरते. ती काढताना उडणारी विषारी भुकटी हाच या कामातला मोठा धोका आहे. शिवाय सुरुवातीला कशाबशा भरणाऱ्या गोळ्या पुढे साचा तापल्यावर थिजायला वेळ घेतात आणि साच्याच्या फटींतून पातळ पापुद्रे बाहेर येतात. उष्णता कमी पडते ती साच्यात, म्हणून ती साच्यालाच दिली पाहिजे.

साच्याचा कोपरा वितळलेल्या शिशात बुडवून धरणे हा दुसरा मार्ग. कोपऱ्याला शिसे चिकटेनासे झाले की साचा तापला असे समजतात. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्याला हे चालते, मात्र एकच कोपरा आधी तापत असल्याने कालांतराने साच्याचे दोन अर्धे भाग नीट मिटत नाहीत. पितळी साचा असा कधीही बुडवू नये, कारण शिशात थोडे जरी कथील मिसळलेले असले तरी ते पितळावर डाख दिल्यासारखे बसते. साच्याच्या खाचेत ओल राहिली असेल, तर तिची क्षणात वाफ होऊन वितळलेले शिसे अंगावर उडते. पावसाळ्यात हा धोका अधिक.

तिसरा मार्ग मला सर्वांत पटला आहे: कॉइलच्या शेगडीवर जाड लोखंडी तवा आणि त्यावर मिटलेला साचा, वर उलटा पत्र्याचा डबा झाकून. पंधरा-वीस मिनिटांत साचा सर्व बाजूंनी सारखा तापतो, आणि मध्येच थांबावे लागले तर पुन्हा तव्यावर ठेवता येतो. गॅसच्या ज्योतीवर थेट धरल्यास एकच बाजू तापून साचा वाकण्याची भीती असते. इंडक्शनची शेगडी अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळ थेट तापवत नाही, तेव्हा तेथेही लोखंडी तवा मध्ये हवाच. तापमान बघायला इन्फ्रारेड तापमापक वापरायचा असेल तर एक लक्षात ठेवावे: चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो बराच कमी आकडा दाखवतो, म्हणून साच्याची बाहेरची एक बाजू मेणबत्तीच्या काजळीने काळी करून तिच्यावरच तो धरावा. माझी स्वतःची भिस्त मात्र साच्याच्या तोंडाशी उरलेल्या शिशाच्या थेंबावर असते. तो तीन ते पाच सेकंदांत थिजला तर साचा योग्य, ओतताक्षणीच थिजला तर थंड, आणि दहा सेकंदांनंतरही चमकत राहिला तर थोडे थांबावे.

साचा कशाचा घ्यावा, हे आपण किती ओतणार यावर ठरते. अ‍ॅल्युमिनियम लवकर तापते आणि तितकेच लवकर निवते; शिसे त्याला चिकटत नाही आणि हाताला त्याचा साचा हलका वाटतो. एका बैठकीत तीस-चाळीस गोळ्या करणाऱ्याने, तवा जवळ असेल तर, अ‍ॅल्युमिनियमचाच साचा घ्यावा. लोखंडी साचा तापायला वेळ लागतो, पण त्याच आकारात तो जवळपास दीडपट उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे मध्ये गोळी अडकली किंवा पळी भरताना उशीर झाला तरी पुढची गोळी बिघडत नाही. जाळ्यासाठी एका दमात दोन-तीनशे नग ओतणाऱ्याला त्याचे वजन सोसावेच लागेल, आणि काम झाल्यावर गंजापासून तो जपावाही लागेल. पितळी साचा या दोहोंच्या मधला, पण महाग. प्लास्टर ऑफ पॅरिसचा घरगुती साचा मी सुचवणार नाही, कारण त्यातली ओल पूर्ण गेली याची खात्री कधीच देता येत नाही.

शिसे कुठले वापरावे याबाबत एवढेच सांगतो की जुन्या बॅटऱ्या घरी फोडू नयेत, आणि टायरवाल्याकडची वजने घेतली तर त्यांत ४१९ अंशांना वितळणारे जस्ताचे तुकडे नाहीत हे वितळवण्यापूर्वी पाहावे. काम उघड्यावर करावे, कढई-पळी स्वयंपाकघरात परत नेऊ नये आणि मुलांना लांब ठेवावे.

जाळ्याच्या वजनांना भोक लागते व त्यासाठी साच्यात सायकलच्या चाकाची आरी (स्पोक) घालतात. साचा व्यवस्थित तापलेला असूनही गोळीला भोकाच्या कडेने चीर दिसली, तर दोष बहुधा थंड आरीचा असतो. म्हणून आऱ्या तीन-चार ठेवाव्यात, आणि एक साच्यात असताना उरलेल्या त्याच तव्यावर तापत ठेवाव्यात.