पक्कं बिल घ्या म्हणणारा मी, आणि चष्मा घालवायचे १७,९५० रुपये

पोरीचा चष्मा घालवायच्या शिबिरात एकूण १७,९५० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात आता तो चाळीस हजारांवर पोचला आहे आणि पानटपरीवर अजून वाढतोच आहे. नोंदणी २००, नव्वद दिवसांचा कोर्स ८,५००, किट ३,२५०, आणि 'दुसरा टप्पा' ६,०००. करा बेरीज.

माझं कृषी केंद्र आहे. सतरा वर्षं झाली. चोरबीटीची, म्हणजे परवानगी नसलेल्या कापूस बियाण्याची, पाकिटं घेऊन फिरणारे किती आले अन् किती गेले, मी एकाला दुकानाची पायरी चढू दिली नाही. शेतकऱ्याला बियाणं देताना माझं ठरलेलं वाक्य आहे: पक्कं बिल घ्या, लॉट नंबर बघा, पिशवी फेकू नका. आणि मी स्वतः ८,५०० रुपये एका माणसाच्या खाजगी नंबरवर फोनने पाठवले, अन् पावती म्हणून वहीच्या पानाचा तुकडा खिशात घालून घरी आलो. त्यावर फक्त 'जमा' आणि एक गिरगोटी सही.

पोरगी नववीत. आदल्या जूनमध्ये चष्मा लागला, दोन्ही डोळ्यांना उणे सव्वादोन. शाळेत पोट्टे 'चष्मीस' म्हणायचे, ते मी मनावर घेतलं नाही. पण तिला पोलीस भरतीत जायचं आहे, पहाटे उठून गावाच्या रस्त्यावर धावते. त्यात आमच्या आईचं रोजचं, "चष्मेवाल्या पोरीले कोन पसंद करन बावा?" दिवाळीनंतर सोयाबीन विकायला काढलं. त्या वर्षीचा (२०२४) हमीभाव ४,८९२ कागदावर, माझं गेलं ४,१०० ने. हातात थोडा पैसा होता आणि डोकं तापलेलं होतं. अशा वेळी पत्रक हातात आलं: 'चष्मामुक्त शिबिर, प्राचीन नेत्रयोग, मंगल कार्यालयात मोफत तपासणी.' पत्रक आणणारा घरचाच माणूस होता. त्याच्यावर पुढे लिहीत नाही, राखीला बायकोला तोंड दाखवायचं आहे.

पुढचं सगळं तुम्हाला पाठ असेल. मोफत तपासणीत हॉलमधल्या प्रत्येक पोराला 'स्नायू आखडल्याची' खूण सापडली. मंचावर एक पोरगं चष्म्याविना पेपर वाचून दाखवत होतं. (लघुदृष्टी असलेल्याला जवळचं दिसतंच! हाच तर तो आजार! टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.) चष्मा म्हणजे कुबडी, कुबडी सोडल्याशिवाय पाय चालत नाही, असं ते 'सर' म्हणाले. कागदावर डॉक्टर लिहिलेलं नव्हतं, पण पांढरा कोट होता. चीनमधल्या शाळांत पोरं रोज डोळ्यांचा व्यायाम करतात, हेही त्यांनीच सांगितलं. खरं आहे ते. १९६३ पासून करतात. आणि तिथल्या पोरांना चष्मे जगात सगळ्यात जास्त लागणाऱ्यांत गणतात, हे मात्र सरांनी सांगितलं नाही.

व्यायाम असे: पहाटे तुपाच्या दिव्यावर त्राटक (ज्योतीकडे टक लावून बघणे), तळहात चोळून डोळ्यांवर ठेवणे, बुबुळं आठच्या आकड्यात फिरवणे, तांब्याच्या वाटीत डोळा बुडवणे. किटात एक बिनलेबलची बाटली, तिचे थेंब टाकले की पोरगी दहा मिनिटं खाटेवर तळमळायची. 'विष निघतंय' असं उत्तर मिळालं. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा रंगाचा त्रिकोण न बघता मी डबा शेल्फवर ठेवत नाही आणि पोरीच्या डोळ्यात काय टाकतोय हे विचारलं नाही. उगवत्या सूर्याकडे बघायचंही होतं, ते बायकोने चौथ्या दिवशी बंद पाडलं. आमच्या घरात तेवढी एकच शहाणी निघाली. सूर्याकडे टक लावायला सांगणारा माणूस दिसला तर त्याला उभंही करू नका, डोळ्याचा पडदा त्याने कायमचा भाजू शकतो.

आता ती रात्र. हे लिहायला बसलो ते यासाठीच.

डिसेंबर होता, कडाक्याची थंडी. गावाची लाईन गेलेली. आम्ही छपरीत शेकोटीजवळ बसलो होतो. मी म्हटलं, तक्त्याची पाचवी ओळ कोणती गं? शिबिरात पहिल्या दिवशी तिला दुसरीच ओळ वाचता आली होती आणि आता पंधरवड्याच्या तपासणीत पाचवी वाचते म्हणून मी गावभर सांगत फिरत होतो. पोरीने अंधारात, ज्वारीची धांडं आगीत सारता सारता, धडाधड म्हणून दाखवली: त, ग, न, र, म. मग उलटीकडून. मग चौथी. समोर तक्ता नव्हता. घरात दिवा नव्हता. आणि मी काय केलं? हसलो. म्हटलं, पाहा, पाठांतर कसं आहे, हिला पुढे एमपीएससीलाच बसवू.

ते वाक्य अजून कानात वाजतं.

तो एकच तक्ता होता, दर वेळी तोच. सहा महिने एकच तक्ता बघितला तर दगडालाही पाठ होईल. वर पोरीने नंतर सांगितलं की खुर्चीही दर वेळी दोन फरशा पुढे सरकत होती. तिला कळत होतं. "तुम्ही एवढे खुश होते बाबा, म्हनून बोलली नाही." यावर मी काय बोलू?

माझी बाजूही मांडतो. मी अडाणी नाही, आणि लोभापायीही गेलो नाही. पोरगी खरोखर म्हणायची की थोडं बरं दिसतं. सेवाग्रामच्या रुग्णालयात नेत्रविभागातल्या बाईंनी समजावलं तेव्हा कळलं: चष्म्याविना महिनोन् महिने राहिलं की मेंदू धुकटाची सवय करून घेतो, पोरं डोळे बारीक करून बघायला शिकतात, अक्षरं ओळखण्याऐवजी अंदाजाने सांगतात. नंबर काही उतरत नाही. वाढत्या वयात बुबुळामागचा गोळाच लांबट होत जातो, एक मिलिमीटर लांबला की अडीच-तीन नंबर चढतो, आणि बुबुळं कितीही गरगर फिरवली तरी लांबलेला गोळा आखूड होत नाही. त्राटकाने मन शांत होत असेल तर होऊ द्या, त्याला माझी ना नाही. थकलेल्या डोळ्याला, किंवा जवळचं बघताना दोन डोळे नीट जुळत नसतील त्याला, काही ठराविक व्यायाम डॉक्टर स्वतः देतात. पण ते वेगळं दुखणं.

त्यांनी आधी बाहुली मोठी करायचे थेंब टाकून नंबर काढला. काही पोरांचा नंबर स्नायू आखडल्यामुळे खोटाच दिसतो, तो या थेंबांनी उतरतो. अशा पोरांवरच ही शिबिरवाली मंडळी 'चमत्कार' दाखवतात. आमचा खरा निघाला. उजवा उणे साडेतीन, डावा उणे सव्वातीन. व्यायामामुळे वाढला असं बाई म्हणाल्या नाहीत, या वयात तो वाढलाही असता म्हणाल्या. पण वाढ मंदावणारे कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब डॉक्टरांच्या देखरेखीत देता येतात. आम्ही सहा महिने तुपाचा दिवा बघत बसलो. त्या सहा महिन्यांत ती फळा न दिसता वर्गात बसली, गणितात ७८ वरून ५१ वर आली, आणि एकदा सायकल बैलबंडीवर घातली. पोरांना दिवसाउजेडी दोनेक तास बाहेर ठेवा असंही त्या म्हणाल्या, लहान वयात त्याने चष्मा लागणं टळू शकतं. फुकट आहे म्हणून कोणी पत्रक छापत नाही.

आता तक्रारीचं ऐका.

ठाण्यात गेलो. "पैसे राजीखुशीनं देल्ले ना? मंग फसवणूक कायची?" मी १९५४ चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा छापून नेला होता, त्याच्या यादीत डोळ्यांचे विकार स्पष्ट लिहिले आहेत. हवालदाराने कागद उलटा-पालटा केला आणि विचारलं, "हे जादूटोन्याचं व्हय का? मंग बाबा-बुवा कुठाय यात?" दुसरा आतून ओरडला, "पोरीचे डोळे फुटले का? नाही ना?" मी लेखी अर्ज दिला, पोच मागितली. साहेब बंदोबस्तात, उद्या या. पाच 'उद्या' झाले. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात सांगितलं, तो माणूस डॉक्टर म्हणवत नाही, म्हणून बोगस डॉक्टरमध्ये बसत नाही. म्हणजे कोट घालून फक्त 'सर' म्हणवलं की सगळं माफ! औषधवाल्या खात्यात बाटली नेली, तर लेबल नाही, मग कंपनी कोणती, कारवाई कोणावर? अहो, लेबल नाही हीच तर तक्रार आहे! सायबरच्या १९३० वर फोन केला, समोरासमोर भेटून पैसे दिले म्हणून सायबर नाही. १९१५ वर ग्राहकवाल्या बाई सभ्य होत्या, त्यांनी बिल मागितलं. बिल. सतरा वर्षं मी लोकांना जे सांगतो ते. एसटीचे आणि झेरॉक्सचे ६४० रुपये वेगळे, ते बेरजेत धरले नाहीत.

फोनने पाठवलेल्या १४,५०० ची नोंद तरी आहे, ३,४५० रोख दिले ते हवेत. पैसे मागितले तेव्हा सर २,००० परत द्यायला तयार झाले, अट एकच: 'समाधानी आहे' असा व्हिडिओ करायचा, पोरीला समोर बसवून. घेतले नाहीत. ग्राहक आयोगात अर्ज टाकतो आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. कोणाकडे सरांची तशी 'जमा' लिहिलेली चिठ्ठी असेल तर फाडू नका. आणि तपासणीला गेलात तर तक्ता उलटा धरायला सांगा, किंवा दुसरा मागा, बस. पोराला आधी बाहेर उभं करा.

पोरीला नवा चष्मा १,४५० चा केला, फ्रेम तिनेच निवडली, लाल. सकाळी धावायला घालूनच जाते.

मी अजून सरांच्या ग्रुपमधून निघालेलो नाही. रोज सूर्याच्या फोटोसकट शुभ सकाळ येते. काल पुढच्या शिबिराची तारीख आली, शेजारच्या तालुक्यात, गुरुवारी, दहा वाजता. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवणार आहे.