अँटी-मॉइश्चर मास्टरबॅच: पावसाळ्यात रिप्रोसेस फिल्मवाल्यांनी घ्यावा का? घ्यावाच

आमच्याकडे रिप्रोसेस एलडीच्या (म्हणजे स्क्रॅप पुन्हा वितळवून केलेल्या पॉलिथिनच्या) कचऱ्याच्या आणि नर्सरीच्या काळ्या पिशव्या निघतात. जून लागला की ठरलेलं, धुतलेलं स्क्रॅप काही केल्या सुकत नाही, फिल्मवर लांबट डोळे (वाफेच्या बुडबुड्यांच्या खुणा) पडतात, बबल म्हणजे हवेने फुगवलेली फिल्मची नळी फाटते आणि डायजवळ, म्हणजे वितळलेला माल बाहेर पडतो त्या तोंडाजवळ, असा आंबूस वास की ऑपरेटर तोंडाला रुमाल बांधूनच उभा. यंदा ८० टक्के कॅल्शियम ऑक्साइडवाला मास्टरबॅच (मालात मिसळायचा, ओल शोषणारा दाणा) लावला आणि खरं सांगतो, पैसे वसूल. पाचपैकी साडेचार.

आत आहे काय तर आपला कळीचा चुनाच, बारीक दळून पॉलिथिनमध्ये बसवलेला. पाणी मिळालं की तो ते धरून ठेवतो आणि बॅरलच्या (माल वितळवणाऱ्या नळीच्या) १८०-२०० डिग्रीला परत सोडत नाही, म्हणून वाफ होत नाही नि डोळे पडत नाहीत. हिशोब सोपा आहे, ५६ किलो ऑक्साइड १८ किलो पाणी धरतो, म्हणजे ८० टक्केवाला १ किलो दाणा साधारण पाव किलो पाणी पितो. १०० किलो मालात अर्धा टक्का ओल असेल तर २ किलो दाणा लागणारच, वर थोडा हात सैल ठेवा. माल दीड टक्का ओला असेल तर आधी हॉपर ड्रायरला सुकवा, नाहीतर ६ किलो टाकावा लागेल, ते परवडत नाही आणि फिल्म पण खरखरीत होते.

आता वास, मला खरा फायदा इथेच वाटला. स्क्रॅपमध्ये ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचे लेयर असतात, बॅरल जास्त तापली की त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, म्हणजे चक्क व्हिनेगरचा वास. चुना ते ॲसिड मारतो, त्यातून जे पाणी होतं तेही पितो. व्हेंटच्या (बॅरलमधून वाफ बाहेर सोडणाऱ्या तोंडाच्या) वाफेवर ओला निळा लिटमस धरायचो तो लगेच लाल व्हायचा, हा दाणा चालू केल्यावर निळाच राहिला आणि पोरांचे रुमाल पण उतरले. पण सगळ्या वासांवर हे औषध नाही हां, मासळीच्या पिशव्यांचा वास अमाइनचा असतो, तो चुन्याने जात नाही, उलट जास्त सुटतो, तो माल वेगळाच काढा. पीव्हीसीचे तुकडे पण आधी वेचूनच काढा, त्याचं ॲसिड स्क्रू खातं, दाण्याच्या भरवशावर राहू नका.

अर्धा मार्क कापला तो साठवणीसाठी. फॉइलची पिशवी एकदा फोडली की त्याच शिफ्टला संपवायची, कारण पावसाळी हवेत हा दाणा उघडा राहिला की तिथंच पाणी पिऊन मोकळा, मग मशीनमध्ये टाकून उपयोग शून्य. आम्ही पिशवी आल्या आल्या काट्यावर ठेवून वजन मार्करने वरच लिहितो, वापरायला काढताना वजन वाढलेलं दिसलं की डीलरला परत. हाताळताना ग्लोव्हज आणि चष्मा हवाच, घामेजल्या हाताला चुना चावतो.

दळण जाड असेल तर वितळलेला माल गाळणारी जाळी लवकर चोक होते, म्हणून आधी सॅम्पल मागून एक शिफ्ट चालवून बघा आणि ऑक्साइडचे टक्के लेखी घ्या, कारण साधा कॅल्शियम कार्बोनेट फिलर याच नावाने खपवणारे पण आहेत आणि तो पाण्याचा थेंब धरत नाही. पेट (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) वाल्यांनी याच्या नादी लागू नका, चुन्याने पेटची साखळीच तुटते, तिथं डिह्युमिडिफायर ड्रायरच लागतो.